चार्ल्स व्हीटस्टन : दोन डोळ्यांचं कोडं सोडवणारा अबोल प्राध्यापक



बारावीला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना 'व्हीटस्टनचा सेतू' काही नवीन नाही. चार रोध, मध्ये गॅल्व्हनोमीटर, काटा शून्यावर आला की गुणोत्तर मांडायचं आणि अज्ञात रोध काढायचा. मुलं सूत्र पाठ करतात, दोन गणितं सोडवतात आणि पुढच्या घटकाकडे वळतात. हा व्हीटस्टन कोण, कुठला, हे परीक्षेत कुणी विचारत नाही, त्यामुळे आपणही सांगत नाही.

यातली गंमत अशी, की तो सेतू व्हीटस्टन यांनी शोधलेलाच नव्हता. त्याबद्दल पुढे सांगते. त्यांनी खरोखर स्वतःच्या डोक्याने शोधलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि ती आज मुलांच्या डोळ्यांवर चढलेली दिसते. मॉलमध्ये किंवा विज्ञान प्रदर्शनात मुलं व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी वास्तवाचा चष्मा, घालून हवेत चाचपडत असतात ना, त्या चष्म्याच्या मुळाशी असलेलं तत्त्व व्हीटस्टन यांनी १८३८ साली लंडनमध्ये मांडलं. तेव्हा घरात विजेचा दिवा नव्हता, सिनेमा नव्हता, फोटोसुद्धा अजून जगापुढे आलेला नव्हता. आणि ते मांडणारा माणूस असा होता, की वर्गापुढे उभं राहिलं की त्याची वाचाच बसायची.

पुढे वाचण्याआधी एक करा. एक काडेपेटी घ्या. तिची अरुंद कड आपल्याकडे करून ती नाकासमोर वीतभर अंतरावर धरा. उजवा डोळा मिटा, पेटीची डावी बाजू दिसेल. आता डावा मिटून उजवा उघडा, उजवी बाजू दिसेल. मग दोन्ही डोळे उघडा. दोन पेट्या दिसतात का? नाही. एकच दिसते, आणि ती कागदावरच्या चित्रासारखी चपटी नसून भरीव दिसते. हे इतकं रोजचं आहे की त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच आपल्याला वाटत नाही. व्हीटस्टन यांना वाटलं.

चार्ल्सचा जन्म ६ फेब्रुवारी १८०२ चा, इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहराजवळच्या बार्नवूड गावचा. घरात वाद्यांचा धंदा. तो चार वर्षांचा असताना कुटुंब लंडनला आलं. वडील बासरी शिकवायचे आणि वाद्यं विकायचे. पोरगा लाजाळू, मनाला लावून घेणारा, माळ्यावर एकटाच जाऊन बसणारा. एका शाळेतून तर तो चक्क पळून गेला आणि विंडसर गावी सापडला. चौदाव्या वर्षी त्याला काकाच्या वाद्यांच्या दुकानात कामाला लावलं. हा काकाही चार्ल्सच. पण पुतण्याचं लक्ष गल्ल्यात कुठलं! तो पुस्तकात डोकं घालून बसायचा. वडिलांना ते कळलं आणि त्यांनी त्याला त्या कामातून सोडवलं. पालकांनी इथे क्षणभर थांबावं. धंद्यात लक्ष न घालणाऱ्या मुलाला धंद्यातून मोकळं करणारा बाप दोनशे वर्षांपूर्वी किती दुर्मीळ असेल!

त्याच्या लहानपणाची एक गोष्ट सांगतात, ती वर्गात सांगण्यासारखी आहे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याला व्होल्टाच्या विजेवरच्या शोधांचं एक पुस्तक दिसलं. पैसे नव्हते. त्याने एकेक पेनी साठवून ते घेतलं. घरी येऊन उघडतो तर पुस्तक फ्रेंचमध्ये! मग पुन्हा पैसे साठवून शब्दकोश घेतला. शब्द लावत लावत पुस्तक वाचलं आणि भावाला घेऊन घरामागच्या मोरीवजा खोलीत प्रयोग सुरू केले. व्होल्टाची बॅटरी करायची तर तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्या हव्यात, मध्ये खारं पाणी लावलेलं कापड. तांब्याच्या चकत्या विकत घ्यायला पैसे पुरेनात. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की खिशातली पेनी हे तांब्याचंच नाणं आहे. झाली बॅटरी तयार! चकत्या घ्यायला जे पैसे अपुरे पडत होते, त्यांच्याच चकत्या झाल्या.

१८२१ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, या मुलाने लंडनकरांना चकित केलं. वडिलांच्या दुकानात छताला एका तारेने एक प्राचीन घाटाचं तंतुवाद्य टांगलं होतं. कुणी हात लावत नव्हतं, तरी त्यातून पियानोचे, हार्पचे सूर येत होते. लोक ते 'मंतरलेलं वाद्य' ऐकायला येऊ लागले. भानामती वगैरे काही नव्हती. छताच्या वर दुसरी खोली होती आणि तिथे खरी वाद्यं वाजत होती. त्यांची कंपनं त्या टांगलेल्या तारेतून खाली येत आणि खालचं वाद्य नुसती पोकळ पेटी म्हणून गुंजत असे. आवाज हवेपेक्षा घन पदार्थातून चांगला जातो, हे आठवी-नववीचं विज्ञान त्याने अशा रीतीने दाखवलं. एक लक्षात ठेवा. ज्ञानेंद्रियाला फसवायचं, आणि ते नेमकं कसं फसलं हे समजून घ्यायचं, ही या माणसाची पद्धत. पुढचं सगळं याच वाटेने गेलं.

दोन वर्षांनी काका वारला आणि दुकान दोघा भावांकडे आलं. चार्ल्स दुकानाच्या मागच्या बाजूला वाद्यांची मोडतोड करत नवीन काही जुळवत बसायचा. हाताच्या भात्याने वाजणारा कॉन्सर्टिना हे त्याचंच वाद्य. त्याचं मूळ पेटंट १८२९ चं. आपल्या बाजाच्या पेटीत धातूच्या पातळ पट्ट्या हवेने थरथरून सूर देतात, तसंच ते वाजतं. कंपनं डोळ्यांना दिसावीत म्हणून त्याने सळईच्या टोकाला चकाकणारा मणी बसवला. सळई छेडली की मणी हवेत प्रकाशाच्या सुंदर रेघा काढायचा. औपचारिक शिक्षण जवळपास नाहीच. प्रयोगशाळा म्हणजे दुकानाची मागची खोली.

या कामाची कीर्ती मायकेल फॅरेडे यांच्यापर्यंत गेली. ते स्वतः पुस्तकं बांधणीच्या दुकानातून वर आलेले, त्यामुळे त्यांना दुकानातल्या मुलाची किंमत कळली असावी. व्हीटस्टन यांना लोकांपुढे बोलणं जमेना, म्हणून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांच्या प्रयोगांवरची व्याख्यानं फॅरेडे देऊ लागले. शोध एकाचे, आवाज दुसऱ्याचा. श्रेय मात्र फॅरेडे यांनी कधी स्वतःकडे घेतलं नाही.

आणि अशा माणसाला १८३४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजने प्रायोगिक भौतिकशास्त्राचा प्राध्यापक नेमलं! ध्वनीवरची पहिली व्याख्यानमाला पार फसली. म्हणतात, की ते विद्यार्थ्यांकडे पाठ करून भिंतीवरच्या आकृत्यांशीच पुटपुटत राहायचे. आपल्या तपासणीत असा तास पाहिला तर शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं जाईल, ते मी सांगायला नको. कॉलेजने त्यांना काढलं नाही. त्यांनी व्याख्यानं देणं जवळजवळ सोडून दिलं आणि ते प्रयोगशाळेत रमले. प्राध्यापकपद मरेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलं. याच सुमाराला त्यांनी अर्धा मैल तांब्याची तार आणि सेकंदाला ८०० फेरे घेणारा आरसा वापरून तारेतल्या विजेचा वेग मोजायचा प्रयत्न केला. उत्तर चुकलं, प्रकाशाच्या वेगाच्या दीडपटीहून जास्त आलं. पण फिरत्या आरशाची ती युक्ती इतकी चांगली होती, की पुढे फ्रान्समध्ये फूको यांनी तीच वापरून प्रकाशाचा वेग मोजला.

आता मूळ गोष्टीकडे येऊ.

दोन डोळ्यांना एकाच वस्तूच्या थोड्या वेगवेगळ्या बाजू दिसतात, हे गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्यानेही लिहून ठेवलं आहे. लिओनार्दो दा विंचीला तर हे जाणवलं होतं, की चित्र कितीही हुबेहूब काढलं तरी दोन डोळ्यांनी पाहिलेल्या खऱ्या वस्तूइतका उठाव त्यात येत नाही. तो अगदी दारापर्यंत पोचला आणि परत फिरला. व्हीटस्टन यांनी त्याचं कारणही नेमकं हेरलं आहे. लिओनार्दोने उदाहरणाला गोल घेतला. गोल कुठूनही पाहा, गोलच दिसतो. त्याने ठोकळा घेतला असता, तर दोन डोळ्यांना त्याची दोन वेगळी रूपं दिसतात हे त्याच्या नजरेतून सुटलं नसतं. उदाहरण कोणतं निवडायचं, याने केवढा फरक पडतो बघा. आपण फळ्यावर सवयीने जे उदाहरण घेतो, त्यात कधी कधी नेमकी महत्त्वाची गोष्टच लपून जाते.

त्या काळची मान्य समजूत अशी होती, की दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर जुळत्या जागी सारखी चित्रं पडली तरच वस्तू एक दिसते. म्हणजे चित्रांतला फरक ही अडचण, तो कसा तरी मिटायला हवा. व्हीटस्टन यांनी प्रश्न उलटा केला. फरक ही अडचण नसून तीच खूण असेल तर? भरीव वस्तूमुळे दोन वेगळी चित्रं मिळत असतील, तर दोन वेगळी सपाट चित्रं एकेका डोळ्याला दाखवली की नसलेली भरीव वस्तू दिसायला हवी!

त्यासाठी त्यांनी जे यंत्र केलं ते शाळेतही करता येईल इतकं साधं आहे. दोन सपाट आरसे काटकोनात जोडायचे आणि जोडाची कड नाकासमोर येईल असं चेहरा जवळ न्यायचा. डाव्या बाजूला एक चित्र उभं करायचं, उजव्या बाजूला दुसरं. डाव्या डोळ्याला डाव्या आरशात फक्त डावं चित्र दिसतं, उजव्याला फक्त उजवं. मेंदू दोन्ही एकत्र करतो आणि कागदाच्या रेघा उठून समोर हवेत ठोकळा उभा राहतो. या यंत्राला त्यांनी ग्रीक शब्दांवरून स्टिरिओस्कोप नाव दिलं. १८३२ च्या आसपास ते तयार होतं. त्यावरचा निबंध जून १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

यातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. त्यांची चित्रं नुसत्या रेघांची होती. ठोकळा, शंकू, पिरॅमिड, सगळ्यांची फक्त बाह्यरेषा. छटा नाही, सावली नाही, रंग नाही. चित्रकला येत नव्हती म्हणून नव्हे. छटा दिली असती तर कुणी म्हणालं असतं, की उठाव छटेमुळे दिसतो, दोन डोळ्यांमुळे नाही. म्हणून त्यांनी बाकीची सगळी कारणं आधीच काढून टाकली आणि एकच शिल्लक ठेवलं. 'एका वेळी एकच घटक बदला' हे आपण प्रयोगवहीत लिहून घेतो. त्याचा यापेक्षा स्वच्छ नमुना मला तरी माहीत नाही.

पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि हाताने चित्रं काढायची कटकट संपली. टॅलबट यांनी व्हीटस्टन यांच्यासाठी जोडछायाचित्रं करून दिली. १८५२ मध्ये त्यांनी उलटं यंत्रही दाखवलं. त्यातून पाहिलं, की दोन डोळ्यांची चित्रं अदलाबदल होऊन उंचवट्याचा खड्डा दिसतो आणि खड्ड्याचा उंचवटा. म्हणजे वस्तू तीच, नजर तीच, फक्त डावं-उजवं बदललं की जग आतून बाहेर! आपण 'डोळ्यांनी पाहिलं' म्हणतो तेव्हा त्यातलं किती मेंदूने रचलेलं असतं, हे त्यांनी आरसे आणि लोलक घेऊन लोकांच्या पदरात टाकलं.

पण आरशांचा स्टिरिओस्कोप अवजड होता, टेबलावर मांडून पाहायचा. स्कॉटलंडचे सर डेव्हिड ब्रूस्टर, म्हणजे कॅलिडोस्कोपवाले, यांनी १८४९ मध्ये आरशांऐवजी भिंगं वापरून हातात मावेल अशी पेटी केली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती राणी व्हिक्टोरियाला आवडली आणि बघता बघता युरोप-अमेरिकेतल्या दिवाणखान्यांत जाऊन बसली. घरबसल्या पिरॅमिड आणि आल्प्स पाहायचे! आपल्याकडे जुन्या पिढीने 'व्ह्यू-मास्टर' नावाच्या खेळण्यात गोल चकती घालून, बाजूचा खटका दाबत चित्रं पाहिली असतील, ते याच पेटीचं नातवंड. ब्रूस्टर तेवढ्यावर थांबले नाहीत. मूळ शोधही व्हीटस्टन यांचा नाही असं त्यांनी १८५६ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्रं लिहून मांडलं, आणि व्हीटस्टन यांना वर्तमानपत्रातून उत्तरं द्यावी लागली. चारचौघांत बोलायला घाबरणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं असेल! १८३८ चा निबंध छापलेला होता म्हणून निभावलं.

नावांच्या बाबतीत या माणसाचं नशीबच विचित्र. सेतूची मांडणी सॅम्युअल हंटर ख्रिस्टी यांची, १८३३ ची. दहा वर्षांनी व्हीटस्टन यांनी ती किती उपयोगी आहे हे आपल्या व्याख्यानात दाखवलं आणि ख्रिस्टी यांचं नावही तिथेच स्वच्छ घेतलं. तरी जगाने सेतूला नाव व्हीटस्टन यांचं दिलं. याउलट १८५४ मध्ये त्यांनी अक्षरांच्या जोड्या करून गुप्त संदेश लिहायची एक पद्धत काढली. ती सरकारदरबारी पोचवली त्यांचे मित्र लायन प्लेफेअर यांनी. ब्रिटिश सैन्याने ती पुढे पहिल्या महायुद्धापर्यंत वापरली, पण नाव पडलं 'प्लेफेअर सायफर'. आणि ज्याच्यावर निर्विवाद त्यांचंच नाव हवं होतं, त्या स्टिरिओस्कोपवर कुणाचंच नाव नाही.

तारायंत्राबद्दल थोडक्यात सांगते, खरं तर इंग्लंडमध्ये ते त्यासाठीच जास्त प्रसिद्ध होते. विल्यम कुक यांच्याबरोबर १८३७ मध्ये त्यांनी सुयांच्या तारायंत्राचं पेटंट घेतलं आणि रेल्वेच्या कडेने तारा टाकल्या. १ जानेवारी १८४५ ला स्लाव गावी एका बाईचा खून करून जॉन टॉवेल नावाचा माणूस लंडनच्या गाडीत बसला. तारेने त्याचं वर्णन त्याच्या आधी पॅडिंग्टन स्टेशनवर पोचलं आणि तो पकडला गेला. त्याचा पोशाख क्वेकर पंथाच्या लोकांसारखा होता, पण यंत्रात इंग्रजी 'क्यू' अक्षरच नव्हतं, त्यामुळे 'के' आणि 'डब्ल्यू' वापरून तो शब्द पाठवावा लागला! हे स्लाव गाव विंडसरच्या शेजारचं, म्हणजे शाळेतून पळालेला चार्ल्स जिथे सापडला होता, तिथून हाकेच्या अंतरावर. पुढे श्रेयावरून कुक यांच्याशीही वाद झालाच. तो मिटवायला मोठी माणसं मध्यस्थ म्हणून बसवावी लागली.

आणखी एक धागा. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर एक फ्रेंच लेख निघाला होता. त्याचं इंग्रजी भाषांतर करा असं अडा लव्हलेस यांना सुचवणारे व्हीटस्टन होते. अडा यांनी भाषांतराला लेखाहूनही लांब टिपा जोडल्या. १८४३ मध्ये छापलेल्या त्या टिपांना आज पुष्कळ जण पहिला संगणक प्रोग्रॅम मानतात. दोन डोळ्यांची चित्रं आणि गणनयंत्र, या दोन्ही वाटा या एका माणसाच्या अंगणातून गेल्या. त्या एकमेकींना भेटल्या मात्र सव्वाशे वर्षांनी, अमेरिकेत.

१९६८ मध्ये आयव्हन सदरलँड या संशोधकाने डोक्यावर चढवायचं एक यंत्र सादर केलं. दोन डोळ्यांपुढे दोन छोट्या चित्रनळ्या, आणि त्यांत संगणकाने काढलेली दोन किंचित वेगळी चित्रं. व्हीटस्टन यांचे आरसे गेले, कागद गेले, तत्त्व जसंच्या तसं राहिलं. भर एवढीच, की डोकं वळवलं की ते कळून संगणक चित्रं नव्याने काढायचा. 'एवढीच' म्हटलं खरं, पण त्याने सगळंच बदललं. स्टिरिओस्कोपमध्ये तुम्ही बाहेरून आत पाहता, इथे तुम्ही आत असता. त्यातली चित्रंही नुसत्या रेघांचीच होती, कारण तेव्हाच्या संगणकाला त्याहून जास्त झेपत नव्हतं. आणि ते धूड छताला टांगलेलं होतं! लंडनच्या दुकानातलं ते छताला टांगलेलं वाद्य मला इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

आजचा हेडसेट हेच काम सेकंदाला ७२, ९० किंवा त्याहून अधिक वेळा करतो. आपल्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं. तेवढ्या अंतरावरच्या दोन जागांहून जग कसं दिसेल, याची गणितं करून तो दोन चित्रं काढत राहतो.

आता यात पालकांनी समजून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. खरी वस्तू जवळ आली की दोन कामं एकदम होतात. डोळे आत वळतात आणि डोळ्यांची भिंगं त्या अंतरासाठी जुळतात. हेडसेटमध्ये डोळे वळतात समोर भासणाऱ्या फुलपाखराकडे, पण पडदा असतो एका ठरावीक अंतरावर, त्यामुळे भिंग तिथेच अडकून राहतं. एकमेकांना बांधलेली दोन कामं अशी वेगवेगळी ओढली जातात, आणि म्हणून काहींना डोळे दुखल्यासारखं होतं, डोकं जड होतं. व्हीटस्टन यांनी १८५२ च्या निबंधात आरशांच्या यंत्राचे हात हलते करून नेमकी अशी बांधलेली कामं सुटी करून तपासली होती. हेडसेट बनवणारे आजही या अडचणीशी झगडत आहेत. खोक्यावर लिहिलेली वयाची अट आधी वाचा, आणि मूल 'डोकं दुखतंय' म्हणालं तर ते नाटक समजू नका.

व्हीटस्टन यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी, १८४७ मध्ये, एमा वेस्ट यांच्याशी लग्न केलं. पाच मुलं झाली. एमा त्यांच्या आधी गेल्या. १८६८ मध्ये सरदारकी मिळाली, म्हणजे नावामागे 'सर' लागलं. त्याच वर्षी रॉयल सोसायटीचं कोपली पदकही मिळालं. घरात आणि मित्रांत हा माणूस भरभरून बोलायचा म्हणे. चार डोळे वाढले की गप्प. समुद्राखालच्या तारांच्या कामासाठी पॅरिसला गेले असताना सर्दीचं निमित्त होऊन १९ ऑक्टोबर १८७५ ला ते वारले. लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत त्यांना पुरलं.

पदवीला भूगोल घेतलेल्या शिक्षकांनी हवाई छायाचित्रांच्या प्रात्यक्षिकात टेबलावरचा आरशांचा स्टिरिओस्कोप हाताळला असेल, त्यात डोंगर एकदम कागदातून वर येतात. तो व्हीटस्टन यांचाच. तिरळेपणा तपासायचं डोळ्यांच्या दवाखान्यातलं सिनॉप्टोफोर यंत्रही त्याच तत्त्वावर चालतं.

वर्गात करून पाहायचं असेल तर तळहाताएवढे दोन सपाट आरसे, पुठ्ठा आणि चिकटपट्टी पुरते. आरशांच्या कडांना आधी चिकटपट्टी लावा, हात कापतो. चित्र म्हणून ठोकळ्याच्या भानगडीत पडू नका. दोन्ही कागदांवर सारख्या मापाचं मोठं वर्तुळ काढा, आत छोटं वर्तुळ काढा, पण एका कागदावर ते मध्यापासून तीन-चार मिलिमीटर डावीकडे आणि दुसऱ्यावर तितकंच उजवीकडे सरकवा. कागद दोन्ही बाजूंना आरशापासून सारख्या अंतरावर उभे करा आणि मुलांना घाई करू देऊ नका, चित्रं जुळायला काही क्षण लागतात. छोटं वर्तुळ वर उचललेलं दिसेल, बादली उपडी घातल्यासारखं. नाहीतर खाली गेलेलं दिसेल. मग कागदांची अदलाबदल करा आणि काय होतं ते मुलांनाच सांगू द्या.

एखादं मूल म्हणेल, 'बाई, मला काहीच वर आलेलं दिसत नाही.' त्याला लक्ष देत नाही म्हणून रागवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा शांतपणे बसवा. तरीही दिसलं नाही तर पालकांना बोलावून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा. तिरळेपणा असेल किंवा एक डोळा 'आळशी' असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र बाजूला टाकतो आणि मुलाला उठाव दिसत नाही. जन्मापासून तसंच दिसत आल्यामुळे आपल्याला काही कमी दिसतंय हे त्याला स्वतःला कळत नाही, आणि ते सांगतही नाही. आळशी डोळ्यावर उपचार जितक्या लहान वयात सुरू होतील तितका गुण जास्त येतो, म्हणून हा प्रयोग आठवीपर्यंत थांबवू नका. पहिली-दुसरीच्या मुलांनाही करायला द्या.